टाचेवरची मेंदी

खजूर उतरवायला सुरुवात झाली की त्या वाळवंटाकाठच्या गावात कुणालाच आजारी पडायची सवड नसते. पुरुष झाडांवर, बायका निवडणीच्या शेडमध्ये, आणि घराघरांत उरतात ती फक्त म्हातारी आणि कोंबड्या. अशा ऐन हंगामात झाझियाची एकोणीस वर्षांची पोरगी वसीला शेडमध्ये न जाता दुसऱ्याच्या सासूचं ढुंगण धुवायला जाते, ही गोष्ट गावाला चघळायला दोन महिने पुरली.

"लोकांच्या पोरी रोजावर जातात, माझी फुकट राबायला जाते," झाझिया रोज सकाळी डोक्याला फडकं बांधताना म्हणायची. तिचे हात खजुराच्या चिकानं कायम काळपट असत आणि आवाजही तसाच चिकट, एकदा लागला की सुटत नसे. "आणि वर म्हणते, शिकते आहे. गू काढायला काय शिकायचं असतं?"

"असतं, यम्मा."

"हा एक हंगाम तुझा. पुढचा माझा. तेव्हा मग नर्स-फर्स काही बोलायचं नाही."

चूक वसीलाचीच होती. उन्हाळ्यात शहरातल्या नर्सिंग शाळेत मुलाखतीला गेली तेव्हा टेबलापलीकडच्या दोन बायकांनी मार्क बघितले, माना हलवल्या आणि मग विचारलं, कधी कुणाची शुश्रूषा केली आहेस का? वसीलानं खरं ते सांगितलं. "शेळीचं बाळंतपण केलंय." त्या दोघी इतक्या हसल्या की एकीनं चष्मा काढून डोळे पुसले. मग तिनंच जरा मायेनं सांगितलं, पोरी, दोन महिने एखाद्या माणसाचं कर, गावच्या दवाखान्यातल्या नर्सची तशी सही आण आणि नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा ये.

गावच्या दवाखान्यात नर्स एकच, मोंजी; मानानं सगळे त्याला सी मोंजी म्हणत. तीस वर्षं त्याच खुर्चीत बसून त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. गावात खजुराची चाळीस झाडं त्याचीही होती आणि त्याचं निम्मं लक्ष तिकडेच असे. दवाखान्यात वसीलानं आठवडाभर झाडू मारला, चहा उकळला. मग तिनं धीर करून सहीचं काढलं.

"झाडूची सही देऊ का?" तो म्हणाला. "लल्ला ताऊसकडे जा. मांडीचं हाड मोडून पडली आहे, वय बघून शहरातल्या डॉक्टरांनी हात लावला नाही. घरात कुणी तिला कूससुद्धा बदलून देत नाही. तू दे. दर दोन तासांनी. मी दर गुरुवारी येऊन बघेन. दोन महिने कातडी अखंड राहिली तर सही. जखम झाली तर सही नाही. कळलं?"

कळायला काय, एवढंच तर होतं.

ताऊस म्हणजे गावची मेंदीवाली, म्हणून सगळे तिला आदरानं लल्ला म्हणत. चाळीस वर्षं गावातली एकही नवरी तिच्या हाताशिवाय सासरी गेली नव्हती. आता ती खिडकीजवळ जमिनीवरच्या लोकरीच्या गादीवर पडलेली होती. अंगानं चांगली भरलेली, आणि जीभ शाबूत. सी मोंजीनं पहिल्या दिवशी एकदाच करून दाखवलं. हा गुडघा मोडायचा, हा हात छातीवर घ्यायचा, मग एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि दोन्ही एकाच वेळी. पाठीशी उशी. पोटऱ्यांखाली दुसरी उशी, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. "आणि कातडी बघायची. माकडहाड, खुबे, टाचा. लाल दिसलं की मला बोलवायचं." एवढं सांगून तो झाडांकडे गेला.

"कुणाची गं तू?" लल्ला ताऊसनं विचारलं.

"झाझियाची."

"झाझियाला मीच मेंदी लावलेली. सारखी रडायची आणि हातानं नाक पुसायची. तीनदा पुसली, तीनदा लावली." म्हातारीनं तिला खालीवर न्याहाळलं. "तू रडणार असशील तर आत्ताच जा."

वसीला रडली नाही, पण पहिल्या आठवड्यात तिची कंबर मोडायची वेळ आली. जमिनीवर गुडघे टेकून एवढं मोठं शरीर फिरवायचं म्हणजे खेळ नव्हता. परातीत पाणी घेऊन अंग पुसायचं, मांड्यांमधला ओलावा टिपायचा, खालची चादर अर्धी गुंडाळून अर्धी पसरायची. पहिल्यांदा भांडं काढलं तेव्हा तिला अंगणात जाऊन ओकारी आली. परत आली तर लल्ला ताऊस भिंतीकडे बघत होती.

"मी तुझ्या जागी असते तर मलाही आली असती," ती म्हणाली. वसीलाला तेव्हा इतकी लाज वाटली की त्यानंतर पुन्हा कधी ओकारी आली नाही.

खरा त्रास म्हातारीचा नव्हताच. तिची सून नझीहा होती, तिचा होता. नझीहा काही वाईट बाई नव्हती. तीन मुलं, गाय, नवरा बशीर आणि त्याची झाडं असं सगळं तिच्या डोक्यावर होतं. पण फुकटचं माणूस घरात आलं की भल्याभल्यांची नियत फिरते. मोबाईलवर लावलेला दोन तासांचा गजर वाजला की ती म्हणायची, "चला, शाळा भरली!" आणि मधल्या वेळात अंगणातून टोपली सरकवायची. "वळवून झालंय ना? मग मोकळीच आहेस. एवढे खजूर निवड. मऊ इकडं, सुकलेले तिकडं."

"खाल्ती, मी आजारी माणसाचं करायला येते," वसीला तिला मावशीच्या मानानं म्हणायची.

"मग कर की. ती झोपली आहे तोवर खजुरांचं कर."

आईला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. आमच्या शेडमध्ये नको आणि त्यांच्या अंगणात चालतं!  वसीलाला राग यायचा, तो ती चादरी पिळताना काढायची.

मग पाहुण्यांचं निघालं. आजाऱ्याला भेटायला येणं हे तिथं पुण्याचं काम, आणि पुण्य कमवायला बायका झुंडीनं यायच्या. लल्ला ताऊस डाव्या कुशीवर असली की तिची पाठ दाराकडे व्हायची. एकदा पाच जणी आल्या आणि नझीहा चिडली. "सरळ कर तिला. पाहुण्यांकडे पाठ! उद्या गावभर होईल की बशीरच्या आईनं तोंड फिरवलं."

"आत्ताच वळवलंय. अजून दीड तास आहे."

"माझ्या घरात मला वेळ सांगू नकोस."

लल्ला ताऊसही म्हणाली, "सरळ कर गं. मेल्यावर फिरवीन की पाठ." बायका हसल्या. वसीलानं तिला उताणं केलं, आणि त्या दीड तास बसल्या. बसल्या बसल्या एकीनं तिला ग्लास पुढे करून सांगितलं, "ए मुली, अजून चहा आण." मुली म्हणताना ती मोलकरणीला म्हणतात तसंच म्हणाली. संध्याकाळी माकडहाडाशी लालसर चट्टा दिसला. तो सकाळपर्यंत गेला, पण वसीलाला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं म्हातारीसकट गादी ओढून उलटी फिरवली, डोक्याकडे पाय आणि पायांकडे डोकं. मोडलेली मांडी उजवी, म्हणून डाव्या कुशीवर ती जास्त वेळ असायची; आता त्या कुशीवर तिचं तोंड दाराकडे. आणि उजवीकडची वेळ तिनं सकाळी लवकर आणि दुपारच्या जेवणानंतर बसवली, तेव्हा कुणी येत नसे. सी मोंजीनं गुरुवारी ते बघितलं आणि मिशीत हसला. "हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"हं," तो म्हणाला. त्या एका "हं"वर वसीला चार दिवस खूश होती. तिला शाळेचे पांढरे कोट दिसायला लागले होते.

पाचवा आठवडा संपला तेव्हा लल्ला ताऊसच्या नातीचं, लेकीच्या मुलीचं, लग्न आलं. पहिले खजूर विकले गेले की लग्नं लागतात. मेंदीच्या दिवशी नवरी आजीच्या पाया पडायला आली, मागून साऱ्या बायका, ढोलकं, उदाचा धूर. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मेंदीचं पातेलं लल्ला ताऊससमोर नव्हतं, दुसरीच कुणीतरी लावत होती. म्हातारी हसली, आशीर्वाद दिला, पैसे हातात ठेवले. बायका अंगणात गेल्यावर तिनं उशीत तोंड खुपसलं आणि तिचा खांदा हलायला लागला.

वसीलानं तिला रडताना कधी बघितलं नव्हतं. "लल्ला? दुखतंय का?"

"नातीच्या लग्नात माझे पाय पांढरे," म्हातारी म्हणाली. "विधवा झाले तेव्हासुद्धा वर्षानं लावली होती. मेलेल्या बाईसारखे दिसतायत बघ."

वसीला उठली आणि पातेल्यात उरलेली मेंदी घेऊन आली. लल्ला ताऊसनं पडल्या पडल्या सांगितलं तशी तिनं लावली. तळव्यांना, बोटांना, आणि पायांना घोट्याखाली सगळी, मोज्यासारखी, जशी तिथल्या म्हाताऱ्या लावतात. वरून चिंध्या गुंडाळल्या. "घट्ट बांध. सैल राहिली तर रंग भगवा येतो, नवशिकीसारखा." वसीलानं घट्ट बांधली. पोटऱ्यांखालची उशी मेंदीनं भरली असती म्हणून काढली. गजर वाजला तेव्हा म्हातारी म्हणाली, "आता हलवू नकोस, पुसेल," आणि वसीलानं तो बंद केला. चार तास लल्ला ताऊस उताणी, टाचा गादीवर टेकवून, अंगणातली गाणी ऐकत पडून राहिली. तिनं दोन गाणी म्हटलीही. चिंध्या सोडल्या तेव्हा रंग जवळजवळ काळा आला होता.

"बघ," ती नझीहाला म्हणाली, "हिचा हात माझ्यासारखा आहे."

इतक्या आठवड्यांत कुणी वसीलाचं एवढं कौतुक केलं नव्हतं.

त्यानंतरच्या गुरुवारी सी मोंजी आला नाही. त्याच्या झाडांवर माणसं चढलेली होती. पुढच्या गुरुवारीही नाही. वसीला रोज कातडी बघत होती, सांगितलं होतं तशी. माकडहाड साफ. खुबे साफ. टाचा काळ्या, मेंदीच्या, सुंदर. लल्ला ताऊस एकदोनदा म्हणाली, डावी टाच ठणकते. वसीलानं उशी नीट केली, तेल लावलं. लाल तर काही दिसत नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी सी मोंजी आला तेव्हा तिचे त्रेपन्न दिवस भरले होते. त्यानं पाय बघितले आणि थबकला. "हे काय?"

"मेंदी. लग्नाची."

त्यानं डाव्या टाचेवर अंगठा दाबला. टाच पिकलेल्या खजुरासारखी दबली आणि लल्ला ताऊस किंचाळली. सी मोंजीनं कापूस ओला करून घासला. काळ्या रंगाखालून कातडीचा पापुद्रा सुटला, आणि त्याखाली जे होतं ते मेंदीचं नव्हतं.

"गाढव," तो म्हणाला. "लाल बघ म्हणून सांगितलं आणि तू त्यावर रंग फासलास?"

"तुम्ही दाबून बघायला सांगितलं नव्हतं."

"डोळ्यांना दिसत नाही तर माणूस काय करतो? हात लावतो!"

हे खरं होतं, म्हणूनच ते इतकं लागलं. लल्ला ताऊस ओरडली, "मी सांगितलं लावायला! मला बोल!" पण आजारी माणसाचं अशा वेळी कोण ऐकतं. नझीहा दारात उभी राहून म्हणाली, "मी तर हातसुद्धा लावला नाही. सगळं हीच करते." तिलाही ते खरंच वाटत होतं, आणि खरंच होतं.

शुक्रवारी सी मोंजीनं वसीलाला दवाखान्यात बोलावलं. दार लोटून घेतलं, आणि टेबलावर एक कागद ठेवला. सही, शिक्का, सगळं होतं. वसीलानं तो दोनदा वाचला. दोन महिने सेवा उत्तम, कातडी अखंड, तारीख पंधरा दिवसांपूर्वीची.

"तोवर जखम नव्हतीच," तो म्हणाला. "नंतर झाली. सुनेच्या हातून. तू उद्यापासून जाऊ नकोस. मलमपट्टी मी करतो."

"डॉक्टरांना सांगायचं नाही?"

डॉक्टर दर बुधवारी शहरातून यायचे, दुपारपर्यंत थांबायचे. सी मोंजीनं खिडकीबाहेर बघितलं. "डॉक्टर विचारतील, मोंजी, तू शेवटचा कधी गेला होतास? मग मी काय सांगू, खजूर उतरवत होतो? माझी दोन वर्षं राहिली आहेत, पोरी. तुझं वर्ष वाचतंय, माझी पेन्शन वाचते. टाच होईल बरी."

वसीलानं कागद घेतला. तिला नाही म्हणायला हवं होतं, असं आपण घरबसल्या म्हणू शकतो. घरी आईनं तो बघितला, अक्षर येत नव्हतं तरी शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोरीसाठी अंडं तळलं. "म्हणजे खरंच शिकत होतीस तर," ती म्हणाली. वसीलानं अर्धं अंडं आईच्याच ताटात सरकवलं.

ती शनिवारी गेलीच. रविवारीही. पट्टी गुरुवारचीच होती. सोमवारी पट्टीतून वास यायला लागला आणि लल्ला ताऊसचं अंग तापलं. मंगळवारी ती वसीलाला ओळखेना. झाझिया म्हणून हाक मारत होती आणि नाक पुसू नको म्हणत होती. वसीला दवाखान्यात धावत गेली. सी मोंजी म्हणाला, "येतो संध्याकाळी." संध्याकाळी आला नाही.

बुधवारी दवाखान्यात चाळीस माणसं रांगेत होती. वसीला रांगेत उभी राहिली नाही. सरळ आत गेली. बायका ओरडल्या, एकीनं तिची ओढणी ओढली. डॉक्टर तरुण होता, कुणाच्या तरी पोराच्या कानात बघत होता.

"लल्ला ताऊसच्या टाचेला जखम आहे. सडली आहे. ताप आहे. मेंदीखाली मला दिसली नाही. चला."

डॉक्टरनं सी मोंजीकडे बघितलं. सी मोंजी वसीलाकडे बघत होता. मग तो शांतपणे म्हणाला, "तो कागद दे इकडे."

तो तिच्या पिशवीत होता. आई म्हणाली होती घरात ठेवू नको, उंदीर कुरतडतील. चाळीस माणसांसमोर तिनं तो काढून दिला. त्यानं घडी करून खिशात टाकला, फाडलासुद्धा नाही.

रांग संपल्यावर डॉक्टर घरी आला. टाच कापून साफ केली, तेव्हा नझीहा अंगणात पळाली आणि वसीलानं म्हातारीचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला. सुई दिली, गोळ्या लिहिल्या. "अजून आठवडा गेला असता तर पाय गेला असता," तो म्हणाला. मग वसीलाला म्हणाला, "तू कोण?"

सी मोंजी पट्टी गुंडाळत होता. "शेजारची मुलगी आहे," तो मान वर न करता म्हणाला.

"मी नर्सिंगला जाणार होते," वसीला म्हणाली. "मला सही हवी आहे. दोन महिने मी केलंय इथं. जखम माझ्याकडून झाली, तेही लिहा. पण केलंय."

डॉक्टरनं डोकं खाजवलं. तो वाईट नव्हता. "मी आजच बघतोय तुला. मी काय लिहिणार? आणि शाळेला नर्सची सही लागते ना?" त्यानं सी मोंजीकडे बघितलं. सी मोंजीनं गाठ मारली, कात्रीनं टोक कापलं, कात्री पुसली, पेटीत ठेवली.

"बरं," डॉक्टर उठत म्हणाला. "पट्टी एकाआड एक दिवस. मोंजी, तू स्वतः. आणि कूस दर दोन तासांनी, टाच कुठंही टेकता कामा नये. तीन महिने तरी. हे कोण करणार?"

खोलीतल्या सगळ्यांनी वसीलाकडे बघितलं. नझीहानं बघितलं, तिचा नवरा बशीर झाडावरून तसाच आला होता, त्यानं बघितलं, आणि सी मोंजीनंही बघितलं. इतकं सहज, जसं कुणी पाण्याच्या माठाकडे बघतं. तेव्हा वसीलाच्या मनात दोन महिने साठलेलं सगळं एकदम वर आलं.

"मी नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" नझीहा म्हणाली. "मग कोण?"

"तू. मी सोमवारपासून शेडमध्ये जाते. तोवर तुला शिकवते."

"मला? मला कुठं जमतं? मुलं, गाय... अगं, तुला येतं ते."

"मलाही येत नव्हतं. बस इथं. गुडघे टेक."

बशीर काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात गादीवरून लल्ला ताऊसचा घोगरा आवाज आला. ताप उतरत नव्हता, पण डोळे उघडे होते. "बस गं नझीहा. खाणार नाही मी तुला."

डॉक्टर निघून गेला. मागोमाग सी मोंजी. नझीहानं बाह्या सारल्या आणि गुडघे टेकले. अकरा वर्षं त्या घरात राहून तिनं सासूच्या अंगाला कधी एवढा हात लावला नव्हता. तिनं भीतभीत गुडघा मोडला, हात छातीवर घेतला, खांद्याखाली हात घातला आणि उचललं. कंबर मागेच राहिली. म्हातारी कण्हली. नझीहानं घाबरून सोडलं आणि वर बघितलं. तिच्या कपाळावर घाम आला होता.

वसीलाचे हात आपोआप पुढे गेले होते. तिनं ते मागे घेतले, पाठीशी एकात एक अडकवले.

"पुन्हा," ती म्हणाली. "खांदा आणि कंबर, एकदम."